कारणाचा रकाना

कानिफनाथ दहिफळे हा आमच्या तिसगावच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. शासनाच्या कागदाप्रमाणे परीक्षानळ्या धुणं, सांगाड्यावरची धूळ झटकणं आणि बाटलीतला बेडूक बाटलीतच आहे की नाही ते पाहणं, एवढंच त्याचं काम. प्रत्यक्षात शाळेचा संगणक विभाग म्हणजे कानिफ. विभागाचा प्रमुख तोच आणि शिपाईही तोच. आमच्याकडं काम कुणाला नेमून दिलं जात नाही, ते एखाद्याच्या अंगाला चिकटतं आणि मग निघत नाही.

त्याला ते चिकटलं लॉकडाऊनमध्ये. संस्थेनं ठरवलं की प्रत्येक मुलाला ऑनलाइन खातं काढून द्यायचं. कुठल्याशा मोठ्या कंपनीची सेवा शाळांना फुकट मिळत होती, आणि फुकट म्हटल्यावर आमच्या संस्थेनं आजवर कशालाच नको म्हटलेलं नाही. केडगावच्या मुख्य कार्यालयातून बावीस पानांची सूचनापत्रिका आली. मुख्याध्यापकांनी ती मला दिली. मी ती गणिताच्या सरांना दिली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. चौथ्या दिवशी कानिफ टेबल पुसायला आला, कप उचलला आणि तिथंच उभा राहून बावीसच्या बावीस पानं वाचून काढली. त्या दिवसापासून शाळेत संगणक विभाग सुरू झाला असं मी मानतो.

मला त्याचं आश्चर्य वाटलं होतं, कारण कानिफ माझाच विद्यार्थी. मी मराठीचा शिक्षक, याच शाळेत बत्तीस वर्षं काढली. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांची मी मनात एक यादी ठेवलेली आहे, आणि त्या यादीत कानिफ बराच खाली होता. त्याच्या लग्नात मी चारचौघांत म्हणालोही होतो, की याला मी शिकवलंय खरं, पण यात माझा काही दोष नाही. सगळे हसले होते. नवरदेवही हसला होता.

खाती सांभाळायची म्हणजे एरवी माणसं पडद्यावर चित्रं उघडतात आणि त्यांच्यावर टिचक्या मारतात. कानिफला ते पसंत नाही. केडगावच्या कार्यालयात हर्षल नावाचा तरुण इंजिनिअर आहे. त्यानं फोनवरून त्याला एक निराळं साधन शिकवलं. संगणकावर काळी खिडकी उघडते, तिच्यात आज्ञेची एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, की शाळेची सगळी खाती एका फाइलीत ओळीनं उतरतात. मुलाचं नाव, खातं कधी काढलं, शेवटचं कधी उघडलं. कानिफ याला ‘उतारा काढणं’ म्हणतो, तलाठ्याकडं काढतात तसा. हर्षलनं सांगितलेली प्रत्येक आज्ञा त्यानं दोनशेपानी वहीत हातानं लिहून घेतलेली आहे आणि खाली तिचा अर्थ मराठीत लिहिलेला आहे. वहीवरून पाहून तो एकेक अक्षर टाइप करतो, मग पडद्याला बोट लावून ओळ मोठ्यानं वाचतो, आणि मगच एंटर दाबतो. तो वाचत असताना कुणी प्रयोगशाळेत आलं तर पुन्हा पहिल्यापासून वाचतो.

“अरे, चित्रावर बोट ठेवलं की झालं ना,” मी एकदा म्हणालो. मला मुलांचे गुण भरायचे होते आणि घाई होती.

“चित्रावर बोट ठिवलं की काय झालं ते कळत न्हाई, सर,” कानिफ म्हणाला. “हितं लिव्हलं तेवढंच हुतं.”

माझी घाई त्याला दिसत नव्हती असं नाही. त्यानं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.

यंदाच्या मार्चात केडगावहून परिपत्रक आलं. कंपनीनं फुकटची जागा कमी केली होती, तेव्हा खाती कमी करायची होती. प्रत्येक शाखेनं उतारा काढायचा, एकशेवीस दिवसांत ज्यांनी खातं उघडलेलं नाही त्यांची वेगळी यादी करायची आणि प्रत्येक नावापुढं कारणाच्या रकान्यात दोनपैकी एक शब्द लिहायचा. ‘गैरहजर’ लिहिलं तर खातं गोठवलं जाणार. मूल परत आलं की एका आज्ञेनं पुन्हा सुरू, आतलं सगळं जिथल्या तिथं. आणि मूल हजेरीपटावर हजर असूनही त्यानं खातं उघडलेलं नसेल, तर ते खातं ‘बनावट’. कारण दर गुरुवारी संगणकाचा तास असतो, हजर मुलगा खातं उघडणारच, हा हर्षलचा हिशेब. बनावट खातं कायमचं पुसलं जाणार. प्रत्येक पानावर वर्गशिक्षकाची सही.

हर्षल पुण्यात शिकलेला आहे. त्याच्या हिशेबात काही चूक नव्हती. फक्त त्याला आमचा हजेरीपट माहीत नव्हता.

आमच्या भागातली निम्मी गावं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. कुणी सांगलीकडं, कुणी कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. घरी म्हातारी माणसं असतील तर मुलं मागं राहतात, नसतील तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांबरोबर तीही जातात आणि गुढीपाडव्याच्या पुढंमागं परत येतात. माझ्या नववी ब-च्या पटावर चौपन्न मुलं आहेत. त्यातली तेवीस मार्चात तिसगावात नव्हती. हजेरीपटावर मात्र चौपन्नच्या चौपन्न हजर होती. ती हजेरी मीच लावली होती, रोज सकाळी, निळ्या शाईनं.

हे मला कुणी करायला सांगितलेलं नाही. नोकरीला लागलो तेव्हा आधीचे सर तसं करत होते, मी तसंच पुढं चालवलं. गैरहजर लिहीत गेलं की पटावरून नाव कमी होतं; नावं कमी झाली की तुकडी बंद होते; तुकडी बंद झाली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. पोरं पाडव्याला येणारच असतात, त्यांना आपण वार्षिक परीक्षेला बसवतो, पासही करतो, मग कुणाचं काय बिघडलं? असं आम्ही एकमेकांना कधी म्हणालोही नाही, इतकं ते आम्हाला पटलेलं होतं.

कानिफनं उतारा काढला. शाळेच्या चारशे बारा खात्यांपैकी शहाण्णव एकशेवीस दिवसांत उघडलेली नव्हती. एक खातं मुख्याध्यापकांचं होतं, त्याच्यापुढं तारखेच्या जागी ‘कधीच नाही’ असं आलं होतं. कानिफनं ते पान मुख्याध्यापकांपुढं वर ठेवलं नाही, खालीही ठेवलं नाही, अनुक्रमांकाप्रमाणं ठेवलं.

मुख्याध्यापक सुनील सर चांगले गृहस्थ आहेत. त्यांना भांडण सोसत नाही. त्यांनी सगळ्या वर्गशिक्षकांना बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“‘गैरहजर’ लिहायचं नाही,” ते म्हणाले. “एकदा केडगावला लेखी गेलं की संपलं. उद्या तपासणी आली तर हजेरीपट आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवतील. सगळी बनावट दाखवा. पोरं आली की नवी खाती काढून देऊ.”

“आन् आतलं?” कानिफनं विचारलं. तो दाराशी उभा होता. त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं, पण यादी त्याच्या हातात होती.

“आतलं काय?”

“पोरांनी पयल्या सत्रात केल्यालं सगळं त्याच्यात हाय, सर. प्रकल्प हाय. वह्या उसाच्या फडावर टिकत न्हाईत, म्हून पानांचे फोटू काढून ठिवलेत. अंतर्गत गुण त्याच्यावरच द्यायचे हायेत.”

“परत लिहितील,” सुनील सर म्हणाले. “शिकायलाच येतात ना?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला निवृत्तीला एकच वर्ष राहिलं होतं आणि नववी ब ही माझीच तुकडी होती. बंद झाली असती तर तीच.

त्या यादीत माझ्या वर्गातली राजेश्वरी होती. तिच्याबद्दल सांगायला हवं. मराठीच्या प्रकल्पासाठी मी मुलांना घरातल्या कामाचे शब्द गोळा करायला सांगितले होते. बहुतेकांनी एकमेकांचे बारा शब्द उतरवून आणले. राजेश्वरीनं एकशे सदतीस आणले. सगळे ऊसतोडीचे. तिची आजी रंगुबाई चाळीस वर्षं कोयता चालवलेली बाई. तिला ओट्यावर बसवून पोरीनं एकेक शब्द मोबाईलवर तिच्या आवाजात घेतला होता, आणि प्रत्येक शब्दाखाली अर्थ लिहिला होता. मोळी बांधतात ती कशानं, उसाच्या शेंड्यांचं वाढं कुणाला मिळतं, राहायची कोपी उभारताना दार कुठल्या अंगाला ठेवायचं. म्हातारी मध्येच पोरीवर खेकसते तेही त्यात होतं. मी वीसपैकी वीस गुण दिले. बत्तीस वर्षांत मी वीसपैकी वीस दुसऱ्या कुणालाही दिलेले नाहीत. साडेअठराच्या वर माझा हात जात नाही. दिवाळीच्या आधी रंगुबाईसकट ते सगळं घर कर्नाटकात गेलं. मोबाईल घरात एकच, तो बापाच्या खिशात. त्यात जागा नव्हती म्हणून ते एकशे सदतीस शब्द पोरीनं खात्यात टाकले होते आणि दुसरीकडं कुठंही नव्हते.

कानिफनं हर्षलला फोन करून विचारलं, की पुसलेलं परत आणता येतं का. हर्षल म्हणाला, वीस दिवसांच्या आत येतं, नंतर नाही. पाडवा त्याहून लांब होता.

दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत कानिफनं मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबल पुसून त्यावर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या: माझा हजेरीपट आणि नववी ब-ची दोन पानं. कारणाचा रकाना त्यानं भरून टाकला होता. तेवीसच्या तेवीस नावांपुढं ‘गैरहजर’. केडगावनं एक शब्द मागितला होता, यानं पुढं स्वतःहून लिहिलं होतं, कुणाचा मुलगा, कुणाच्या टोळीत, कुठल्या गावच्या फडावर. त्यासाठी त्यानं दोन दिवस ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांना फोन केले होते.

खाली माझ्या सहीची जागा रिकामी होती.

मला राग आला. तसा तो मला लवकर येतो. “सुनील सर काय म्हणाले ते ऐकलंस ना?”

“व्हय.”

“मग?”

“ते बनावट न्हाईत, सर. तसं कसं लिव्हू?”

“तुला काय करायचंय? तुझी नोकरी जात नाही. तू परिचर आहेस, बाटल्या धू. तुला एवढं कशाला लागतंय?”

हे शब्द मी वापरले. लिहिताना ते गाळता आले असते.

कानिफ स्टुलावर बसला. माझ्यासमोर तो सहसा बसत नाही.

“सर, सातवीत माझी हजेरी किती हुती ठावं हाय?”

“नाही.”

“दोनशे अठरा दिस. मागं दाखला काढाया गेलतो तवा जुनं मस्टर बघितलं. एकबी खाडा न्हाई.”

“मग चांगलंच आहे की.”

“मी दसऱ्याला आई-बापासंग ऊसाला गेलतो, सर. आलो तवा पाडवा हून गेलता.”

मी टेबलावरचा हजेरीपट मिटला.

“आठवीत तुमी मला धडा वाचाया उठवलं. मला जमंना. जोडाक्षरं आधीपास्नंच कच्ची, त्यांची उजळणी सगळी त्या सहा म्हैन्यात झालीती. तुमी आदल्या वर्साचं मस्टर मागवून बघितलं. म्हणले, वर्षभर शाळंत बसून ज्याला वाचता येत न्हाई त्यो ठोंब्या. मारलं न्हाई तुमी. नुसतं म्हणले.”

“मला आठवत नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं.

“नसंलच आठवत. तुमी तसं लई जनांना म्हणायचे.” त्यानं हे माझी समजूत घालावी तसं म्हटलं. “पर मला पटलं, सर. मी शाळंत न्हवतो हे मला म्हाईत हुतं. पर मस्टरात तर हुतो. सर खोटं लिवतील व्हय? मंग म्या म्हणलं, आपुनच ठोंब्या असू. नववीत शाळा सोडली. टेम्पोवर क्लीनर ऱ्हायलो, नगर-पाथर्डी. म्होरल्या गाड्यांच्या मागं लिव्हल्यालं वाचत वाचत जोडाक्षरं आली. तवाबी वाटायचं, हे काय खरं वाचनं न्हाई. दहावी भाईरून दिली, पास झालो, तरीबी वाटायचं. मस्टर बघूस्तवर वाटतच हुतं.”

“सातवीचा हजेरीपट कुणाकडं होता?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

“तुमच्याकडंच की, सर,” कानिफ म्हणाला.

त्याच्या आवाजात काही नव्हतं. उताऱ्यातली ओळ वाचावी तसं तो बोलला. मला लाज वाटली, आणि ती कुठं ठेवावी ते कळेना. एक पोरगा शाळेत नसताना मी त्याला हजर लावलं, आणि मग हजर राहून शिकला नाही म्हणून चारचौघांत ठोंब्या म्हटलं. त्याच्या लग्नातसुद्धा म्हटलं. पंचवीस वर्षं तो त्यावर विश्वास ठेवून जगला. आणि तेवीस नावांपुढं मी पुन्हा तेच करून बसलो होतो.

मी त्याची माफी मागितली नाही. आमच्या पिढीच्या मास्तरांना ते जमत नाही, आणि मागितली असती तर कानिफलाच कसंतरी झालं असतं. मी खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही पानांवर सही केली. तारीख घालायला विसरलो. ती त्यानं दाखवून दिली.

पुढचं थोडक्यात सांगतो. यादी केडगावला गेली. नववी ब-चं पाहून आणखी दोन वर्गशिक्षकांनी ‘गैरहजर’ लिहिलं. बाकीच्यांनी बनावट लिहिलं आणि त्यांच्या मुलांची खाती पुसली गेली. सुनील सर माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मग त्यांनी जाऊन स्वतःचं खातं उघडून घेतलं, कानिफकडूनच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुलं परतली. राजेश्वरी उन्हानं रापून आली होती, बोटाला चिंधी बांधलेली. कानिफनं वही काढली, आज्ञा टाइप केली, मोठ्यानं वाचली आणि एंटर दाबलं. तिनं पासवर्ड घातला आणि रंगुबाईचा आवाज प्रयोगशाळेत आला. म्हातारी ‘पाचट’ म्हणजे काय ते सांगत होती आणि मध्येच, पुढं सरक, उजेड अडवू नको, म्हणून खेकसत होती. राजेश्वरी हसली. फडावरून आणखी एकोणचाळीस शब्द आणलेत म्हणाली, चिठ्ठ्यांवर लिहून, बांगड्यांच्या डब्यात.

जूनमध्ये नववी ब बंद झाली. पट पुरत नव्हता, तो आता कागदावरही पुरत नव्हता. सेवाज्येष्ठतेप्रमाणं दुसऱ्या कुणाचा नंबर लागला असता, पण संस्थेनं मला नेवाशाच्या शाखेत पाठवलं. आदेशात लिहिलं होतं, ‘प्रशासकीय सोयीस्तव’. तिसगावातून नेवाशाला रोज जाऊन येणं या वयात होत नाही, तेव्हा तिथं खोली घ्यावी लागली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी माणसं गावात घर बांधतात. मी परक्या गावात स्टोव्हवर भात शिजवायला शिकलो. बायको म्हणाली, एवढी वर्षं गप्प बसलात, आणखी एक वर्ष बसला असता तर काय झालं असतं? तिला मी कानिफचं सगळं सांगितलं. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही.

नेवाशाला जाण्याआधी, तिसगावच्या शाळेतल्या माझ्या शेवटच्या दिवशी सत्कार झाला होता. नारळ मिळाला, शाल मिळाली. सुनील सर माझ्या शिस्तीबद्दल बोलले. संपल्यावर कानिफ आला.

“सर, तुमचं हितलं खातं गोठवायचं हाय. नेवाशात नवं निघंल. पाच मिंटं या.”

प्रयोगशाळेत गेलो. काळी खिडकी उघडीच होती. शिक्षकाचं खातं गोठवतानाही कारण लिहावं लागतं. “बदली लिही,” मी म्हणालो. “प्रशासकीय सोयीस्तव.”

“व्हय,” कानिफ म्हणाला आणि टाइप करू लागला. ‘बदली’ला लागतो त्यापेक्षा बराच वेळ लागला. मग त्यानं पडद्याला बोट लावलं आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं: “कारण. नववी ब-ची तेवीस मुलं गैरहजर होती, सरांनी ती गैरहजर लिहिली म्हणून.”

“अरे, हे केडगावला चालायचं नाही.”

“हर्षलचा फोन आला तर सांगीन त्याला. चूक असंल तर बोला, खोडतो.”

मी ओळ पुन्हा वाचली. चूक नव्हती. जोडाक्षरंसुद्धा सगळी बरोबर होती.

“दाब,” मी म्हणालो.

त्यानं एंटर दाबलं. माझ्याविषयी सेवापुस्तकात बत्तीस वर्षांत बरंच काही लिहिलं गेलं आहे, त्यातलं एकही वाक्य मला पाठ नाही. हे मात्र पाठ आहे. आणि ते ज्यानं लिहिलं, त्याला लिहायला-वाचायला मी शिकवलेलं नाही.